आप्पांची नाडी

आप्पांची नाडी मी आयुष्यात एकदाच मोजली. मिनिटाला अडतीस ठोके भरले. मी त्यांना शहात्तर सांगितले.

अडतीसाचे शहात्तर कसे झाले हे सांगायचं तर आधी तंबाखूचं सांगावं लागेल, कारण आमच्या घरात सगळ्याच गोष्टी तंबाखूपासून सुरू होतात.

निपाणीपासून थोडं आत आमचं गाव. काळं रान आणि त्यात बिडीची तंबाखू. घरात आम्ही चौघं. आप्पा, आई, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा अण्णा आणि मी. अण्णानं नववीत शाळा सोडली आणि आप्पांच्या बरोबर रान धरलं. मी मात्र शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी मान वर करून सांगते. कुणाला गर्व वाटला तर वाटू दे. बेळगावात शहापूरच्या एका बोळात खोली घेतली, शेजारी दिवसभर मागाचा आवाज, हातानं भाकऱ्या थापून खाल्ल्या आणि वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. मग बी.एड. आता कॅम्पातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. शाळेत मी 'जाते, येते' म्हणते. गावच्या स्टँडवर उतरले की आपोआप 'जातो, येतो' सुरू होतं.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला खोडाचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे होते. सर म्हणाले, प्रत्येकानं आपल्या घरचं, शेतातलं खोड आणा. कुणी सूर्यफूल आणलं, कुणी एरंड. मी आप्पांना फोनवर सांगितलं की तंबाखूचं वीतभर खोड कुणाबरोबर तरी पाठवून द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा स्वतः कॉलेजच्या दारात हजर. हातात ओल्या पोत्यात गुंडाळलेलं अख्खं झाड, मुळीच्या मातीसकट. निपाणीपासून ते झाड मांडीवर घेऊन आले होते. कंडक्टर म्हणाला, ह्याचं अर्धं तिकीट काढा. आप्पांनी त्याला विचारलं म्हणे, खिडकीजवळची जागा देत असशील तर काढतो. ही गोष्ट ते पुढं कितीतरी वर्षं सांगत होते, आणि प्रत्येक वेळी आधी स्वतःच हसायचे.

मी काप काढले. बऱ्यापैकी आले. पुस्तकातल्या चित्रात आतल्या बाजूला जलवाहिन्या आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या. मुळातलं पाणी वर चढवणाऱ्या त्या जलवाहिन्या, आणि पानात तयार झालेलं अन्न झाडभर पोचवणाऱ्या त्या रसवाहिन्या. पण माझ्या कापात रसवाहिन्या दोन्हीकडं दिसत होत्या, बाहेरही आणि आतही. मला वाटलं, काप बिघडला. मी वहीत पुस्तकातलं चित्र सुरेख काढलं, नावं लिहिली आणि सरांच्या पुढं ठेवली.

सरांनी आधी सूक्ष्मदर्शकात बघितलं, मग माझी वही बघितली. म्हणाले, "आतल्या बाजूला दिसलं होतं ना तुला?"

मी म्हटलं, दिसलं होतं.

"मग ते सोडून पुस्तकातलं का काढलंस? दिसतं ते काढ."

तंबाखू, टोमॅटो, वांगी ह्या घराण्यात रसवाहिन्या दोन्हीकडं असतात. पुस्तकातलं चित्र सूर्यफुलाचं होतं. सगळ्यांच्या देखत बोलणी बसली म्हणून मला तेव्हा वाईट वाटलं. शिकले काय, तर तंबाखूत रसवाहिन्या दोन्हीकडं असतात एवढंच. सर सांगत होते ते वेगळंच होतं, आणि ते मी शिकले नाही.

त्या दिवशी आप्पा बाहेर पायरीवर बसून होते. प्रयोगशाळेतल्या मामांनी त्यांना आत बोलावलं. आप्पांनी टोपी काढून काखेत धरली, एक डोळा मिटला आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ही भोकं कसली गं एवढी?"

मी सांगितलं की ती पाण्याची वाट, मुळातलं पाणी ह्यातनंच पानाला जातंय.

"जित्ती हाईत?"

"न्हाईत. ह्या पेशी आधी मरत्यात, आतनं पोकळ हुत्यात, तवाच पाणी चढतंय."

आप्पा सरळ झाले. टोपी घातली. म्हणाले, "म्हणजे ह्या मेल्यावर कामाला लागत्यात. आमचं बरं, आमी आधीच लागलाव."

मामा हसले. मीही हसले.

तिथपासून आप्पांना नाद लागला. झाडाच्या आत काय चालतं ते मला विचारायचं आणि गावभर सांगायचं. तंबाखूचा शेंडा खुडला की पानाला जोर येतो, तेज चढतं, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. का चढतं ते मी सांगितलं. निकोटीन पानात नाही, मुळात तयार होतं आणि पाण्याबरोबर जलवाहिन्यांतनं पानात येऊन साठतं. शेंडा मोडला की मूळ आणखी जास्त तयार करतं. आप्पांनी हे वखारीत, चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या दारात सगळीकडं सांगितलं. "माझी लेक सांगती, इख मुळीत असतंय." ऐकणारे म्हणायचे, मग पान कशाला इकायचं, मुळ्याच इकूया की. आप्पा चिडायचे नाहीत. त्यांना सांगण्यातच सुख होतं.

असं करत करत घरात माझा शब्द शेवटचा झाला. उताऱ्याचा कन्नड कागद आला, मी वाचून सांगायचं. आईच्या गोळ्या सकाळच्या कुठल्या नि रात्रीच्या कुठल्या, मी सांगायचं. बाहेरच्या जगातलं काहीही घरात यायचं ते माझ्यातून. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

तंबाखूच्या रानात एक दुखणं असतं, आमच्याकडं त्याला 'तंबाखू लागली' म्हणतात. दसऱ्यापासून पुढं शेंडे खुडायचे दिवस. हे काम सकाळी लवकर करायचं, कारण तेव्हा शेंडा कडकन मोडतो. उन्हात तो लवतो, मोडत नाही, सोलून निघतो. पण सकाळी पानावर दव असतं. त्या ओल्या पानांतनं फिरून कपडे भिजतात, हाताला काळा चीक बसतो, इतका की साबणानंही जात नाही आणि भाकरीचा घास कडू लागतो. मग एखाद्याला गरगरतं, मळमळतं, बांधावर आडवं करावं लागतं. ताक पाजतात, लिंबू देतात. दोन तासांनी माणूस उठतं. ह्याला कुणी डॉक्टरकडं नेत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या हंगामात आप्पांना गरगरायला लागलं. अण्णाला माणसं मिळत नव्हती. त्यानं आप्पांना म्हटलं, चार दिवस या, सकाळचे शेंडे तेवढे उरकू. आप्पा गेले. दुसऱ्या दिवशी सरीतच मटकन खाली बसले. सगळे म्हणाले, तंबाखू लागली. आप्पा स्वतःही तेच म्हणाले. दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं.

शनिवारी सकाळची शाळा असते. ती करून मी निपाणीची बस धरली आणि दुपारी घरी आले. आई चुलीपुढं होती. तिनं मला सगळं सांगितलं आणि म्हणाली, तिला हे काही तंबाखूचं वाटत नाही.

"तंबाखू लागली की पोटातलं भाईर पडतंय. मला दोनदा लागलीया. ह्यास्नी वांती न्हाय, घाम न्हाय. नुसती डोळ्याम्होरं अंधारी येत्या आणि खाली बसत्यात. आणि काल तर रानात गेलंच न्हाईत. इथं सोप्यात बसल्या जागी झालं."

माझ्या आईला सही करता येत नाही, अंगठा करते. पण इतकं नेमकं निरीक्षण मी माझ्या वर्गात एकाही वहीत वाचलेलं नाही. लक्षणं दोन, त्यातला फरक एक, आणि पुरावा म्हणून कालचा दिवस. मी काय केलं? निकोटीन दवात कसं विरघळतं, कातडीतनं रक्तात कसं जातं, कपड्यातला चीक दुसऱ्या दिवशीही कसा बाधतो, हे मी तिला समजावून सांगितलं. ती मधे काहीतरी बोलायला लागली तेव्हा मी म्हटलं, "आई, तुला काय कळतंय त्यातलं?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

फोनवर 'तंबाखू लागली' एवढं कळलं होतं, म्हणून मी बेळगावहून प्लॅस्टिकचे हातमोजे आणि लांब बाह्यांचे दोन जुने शर्ट आणले होते. आप्पांनी ते घातले. हातमोजे घालून गल्लीतनं असे चालले की जणू ऑपरेशनला निघालेत. पोरं मागनं हसत होती.

त्याच रविवारी मी नाडी मोजली. आप्पांसाठी नाही. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की मी काळजीनं मोजली. तसं नव्हतं. सोमवारी वर्गात नाडी मोजायचा प्रयोग घ्यायचा होता आणि वेगवेगळ्या वयाच्या माणसांचे आकडे फळ्यावर मांडायचे होते. साठीच्या पुढचं माणूस हाताशी होतं म्हणून मी आप्पांना कट्ट्यावर बसवलं, मनगट हातात घेतलं आणि घड्याळ बघत एक मिनिट मोजलं.

अडतीस.

मला वाटलं, चुकलं. पुन्हा मोजलं. अडतीस.

आप्पा माझ्याकडं बघत होते. मला अजून ते मनगट बोटांना आठवतं. जाड कातडी, चिरांमध्ये काळा चीक. मला वाटलं, कातडी एवढी राठ आहे, दर दुसरा ठोका माझ्या बोटाला लागतच नसणार. अडतीस दुणे शहात्तर. पुस्तकात बहात्तर म्हणतात. जवळच की. हा हिशेब मनात करायला मला एक क्षणही लागला नाही, इतका तो सोपा आणि सोयीचा होता.

"किती भरली?" आप्पांनी विचारलं.

"शहात्तर."

"चांगली हाय न्हवं?"

"एकदम पुस्तकात हाय तशी."

आप्पा खूश झाले. मनगट माझ्या हातातनं लगेच सोडवून घेतलं नाही. थोडा वेळ तसंच ठेवलं.

सोमवारी मी फळ्यावर शहात्तर लिहिलं.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, दिवाळी होऊन गेल्यावर, पानांच्या बगलेत आलेल्या फुटी काढायचं काम सुरू होतं. सकाळी रानात आप्पा पडले ते उठलेच नाहीत. अण्णानं शेजाऱ्याच्या गाडीत घालून निपाणीच्या दवाखान्यात नेलं. तिथं छातीला तारा लावून पट्टी काढली. तिथले डॉक्टर म्हणाले, ताबडतोब बेळगावला न्या, पेसमेकर बसवावा लागेल. अण्णानं मला फोन केला, पट्टीचा फोटो पाठवला आणि आप्पांना घेऊन निघाला. मी शाळेतनं तशीच उठले आणि रिक्षा करून दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहिले. हायवेनं दीड तास. तो फोटो मी शंभर वेळा बघितला असेल. मला ईसीजी वाचता येत नाही. पण मोजता येतं. मोठे उंचवटे लांब लांब होते, एकटे. मधल्या मोकळ्या जागेत मुंगीएवढे बारके उंचवटे आपल्याच नादात चालले होते.

वाटेत हत्तरगी ओलांडल्यावर आप्पा गेले. गाडी दारात आली तेव्हा अण्णा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्यांच्या हातात एक हातमोजा तसाच होता.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, कन्नड घरातले, पण मराठी नीट बोलत होते. त्यांनी आम्हाला बसवून शांतपणे सांगितलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यात एक लहानशी गाठ असते, ठोका कधी द्यायचा ते ती ठरवते. तिचा इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत नेणाऱ्या खास पेशींची एक वाट असते. आप्पांची ती वाट बंद पडली होती. वरचे कप्पे आपल्या चालीनं चालले होते, खालचे त्यांच्या. निरोपच पोचत नव्हता. खालचे कप्पे आपल्या बळावर मिनिटाला तीस-चाळीस ठोके देत राहतात, पण ते किती दिवस देतील त्याचा भरवसा नसतो.

मग त्यांनी विचारलं, "गरगरायला लागल्यावर कुणी नाडी बघितली नव्हती का? नुसत्या नाडीवरनं संशय आला असता. महिनाभर आधी आले असते तर पेसमेकर बसवून चालत घरी गेले असते."

अण्णा माझ्या शेजारी होता.

मी म्हटलं, "नाही."

गावात सगळे म्हणाले, तंबाखूनं नेला. अण्णानं ते ऐकलं आणि आत घेतलं. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यालाही ऐकू आलं होतं, पण त्याच्या मनात एकच बसलं की दवात मी बोलावलं, इख अंगात गेलं, म्हणून काळीज बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यानं तंबाखू लावली नाही. सोयाबीन टाकलं. घरातली जुनी तंबाखूची पोती, दोऱ्या, सगळं देऊन टाकलं. सणाला मी गेले की जेवताना मधेच म्हणायचा, मी बोलावलं नसतं तर. आई म्हणायची, जेव आता. मी ताटाकडं बघायची.

माझ्या एका वाक्यानं त्याच्या डोक्यावरचं ते ओझं उतरलं असतं. तंबाखूचा काही संबंध नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर अडतीस सांगावं लागलं असतं, आणि ह्या घरात जिला सगळं कळतं ती मी. दोन वर्षं मी ते वाक्य गिळून बसले. शिक्षणाचा मला एवढा अभिमान आणि त्या शिक्षणानं मला काय दिलं, तर आईला गप्प करायला शब्द आणि अण्णापासून लपायला आडोसा.

यंदा नववीला ऊतींचा धडा घेतला. दरवर्षीप्रमाणं तेरड्याची रोपटी लाल शाईच्या पाण्यात उभी केली. तासाभरात खोडात लाल रेघा चढल्या. उचगावहून येणारी एक मुलगी आहे, फार प्रश्न विचारते. म्हणाली, मॅडम, हृदयाला पण अशी वाट असते काय, निरोप न्यायची? मी सांगितलं, असते. त्या पेशी मुळात स्नायूच्याच, बाकीच्या स्नायूंची भावंडंच म्हण. पण ओढण्याचं काम सोडून त्यांनी निरोप पोचवायचं काम घेतलेलं असतं. बाकीचे राबत असतात, ह्यांनी फक्त आलेला निरोप आहे तसा पुढं द्यायचा. मी बोलत होते आणि माझाच आवाज मला लांबनं ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी नाडीचा प्रयोग. मुलांनी घरच्या पाच माणसांची नाडी मोजून आणायची होती. त्याच मुलीची वही माझ्यापुढं आली. आजी बहात्तर, आई बहात्तर, बाबा बहात्तर, काका बहात्तर, भाऊ बहात्तर.

मी विचारलं, खरंच मोजलीस का?

"मोजली, मॅडम. पण वेगवेगळी आली. पुस्तकात बहात्तर हाय, म्हणून मग तसं लिवलं."

"आजीची किती भरली होती?"

"चौऱ्याण्णव."

मी तिला रागावणार होते. सरांचं वाक्य ओठांवर आलं होतं, दिसतं ते काढ. ते मला उच्चारता येईना. मी वही मिटून दिली, आजीला एकदा डॉक्टरांना दाखवा म्हणून आईला सांग, म्हटलं, आणि तास अर्ध्यात सोडून बाहेर आले. स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. तिथं मी रडले. आप्पा गेले तेव्हा मी अशी रडले नव्हते.

शनिवारी निपाणीची बस धरली. घरी पोचले तेव्हा अण्णा सोप्यात बसून पंपाचा नट आवळत होता, आई तांदूळ निवडत होती. मी पाणीसुद्धा प्यायले नाही. आता थांबले तर परत दोन वर्षं जातील, असं वाटलं.

म्हटलं, "अण्णा, आप्पांची नाडी मी मोजली हुती. त्या दिवाळीच्या आधी."

त्यानं वर बघितलं नाही. "म्हाईत हाय की. शहात्तर भरल्याली. आप्पानं सगळ्या रानाला सांगितलतं."

मग नट आवळत आवळतच त्यानं जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. मी बेळगावला परत गेल्यावर आप्पांना पुन्हा एकदा गरगरलं तेव्हा अण्णालाही शंका आली होती. त्यानं गाडी काढली होती, निपाणीला डॉक्टरला दाखवूया म्हणाला होता. आप्पा चढले नाहीत. म्हणाले, पोरगीनं घड्याळ लावून बघितलंय, शहात्तर हाय, तुझा डॉक्टर काय येगळं सांगणार?

"दवाखान्यात तू न्हाय म्हणालीस," अण्णा म्हणाला, "तवा मला वाटलं, बरोबरच भरल्याली नाडी, ती सांगून काय करायचं, म्हणून बोलली न्हाईस."

आईचा हात तांदळात थांबला होता.

"शहात्तर न्हवती, अण्णा. अडतीस हुती. मी दोनदा मोजलं. दोनदा अडतीसच भरली."

"मग शहात्तर कुठनं आली?"

मी सांगितलं. जाड कातडी, निसटलेले ठोके, अडतीस दुणे शहात्तर, पुस्तकातले बहात्तर. मोठ्यानं सांगताना ते फार पोरकट वाटत होतं. तरी सगळं सांगितलं. फळ्यावर लिहिलेलंही सांगितलं.

अण्णानं पाना खाली ठेवला. "म्हणजे दवाचं कायबी न्हवतं."

"न्हवतं."

"मी बोलावलो म्हणून न्हवं."

"न्हवं. घरात बसलं असतं तरी झालं असतं."

तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हाताला लागलेलं ग्रीस फडक्यानं पुसत राहिला, एकेक बोट, सावकाश. मग म्हणाला, "दोन वर्सं मी त्या रानात सकाळचं पाय ठेवलो न्हाय गं."

एवढंच. उठला, खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली आणि बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, गल्लीतनं लांब गेला. नेहमी मी निघताना स्टँडवर सोडायला तोच येतो. त्या खेपेला मी चालत गेले. त्याचा अजून फोन नाही. मीच करते, तो उचलतो, पिकाचं सांगतो, आईच्या हातात देतो.

पण त्या शनिवारी तो गेल्यावर सोप्यात आम्ही दोघीच उरलो. मला वाटलं, आता आई बोलेल. वांती न्हाय म्हणून मी सांगितलतं, असं म्हणेल. तिला तो हक्क होता. तिनं ताटातला एक खडा उचलला, उंबऱ्याबाहेर टाकला. ताट बाजूला सारलं. पदराला हात पुसले आणि डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडं सारून मनगट माझ्यापुढं धरलं.

"माझी मोज," म्हणाली. "भरंल तेवढीच सांग."

मी बोटं ठेवली. आधी काहीच लागेना, बोटं जरा सरकवली. मग लागली. मी पूर्ण एक मिनिट मोजली. मधे एकदा बाहेरनं कुणीतरी आईला हाक मारली, तिनं ओ दिली नाही.

"सत्तावन्न," मी म्हटलं.

"पुन्यांदा मोज."

पुन्हा मोजली. सत्तावन्न.

आईनं मान हलवली. बांगड्या खाली आणल्या आणि ताट पुन्हा पुढं ओढलं. सोमवारी रजा काढून मी तिला डॉक्टरांकडं नेलं. वाटेत ती खिडकीजवळ बसली होती. माझ्याशी बोलली नाही, पण तिचा हात सारा वेळ माझ्या मांडीवर पालथा होता, आणि मी तो धरून होते.